गणपती कशावर बसतो

इतकी वर्षं जिथे खुर्ची होती तिथे सोमवारी सकाळी मी नेहमीसारखा बसलो, आणि खुर्ची नव्हती. बैठकीचा वेत तुटला म्हणून ती विणायला गेली होती. हे मला सोडून ऑफिसातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी पडलो, असं पुढे सगळे सांगत राहिले, पण ते बरोबर नाही. मी बसलोच. बसण्याची क्रिया मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट पार पाडली; फक्त खुर्चीने आपलं काम केलं नाही. फरशीवर पोचल्यावर मी लगेच उठलो नाही. मुरगाव बंदरावरच्या त्या ऑफिसात खनिजाच्या बोटींचे कागद टाइप करता करता मी माझं टेबल फक्त वरून पाहिलं होतं: हिरवं रेक्झिन, त्यावर काच, काचेखाली बोटींचं वेळापत्रक, आणि या सगळ्यावर खिडकीतून येऊन बसलेली तांबडी धूळ. आता ते खालून दिसत होतं. खालून त्याला पॉलिश नव्हतं. कच्च्या लाकडावर कुणा सुताराने पेन्सिलीने ओढलेली एक रेघ होती, ती चुकली म्हणून तिच्या शेजारी दुसरी, आणि सरसाने माखलेल्या अंगठ्याचा एक ठसा. म्हणजे हे टेबल कुणीतरी केलेलं होतं. ही गोष्ट मला एकदम इतकी नवी आणि इतकी बरी वाटली, की हेडक्लार्कनी वाकून "लागलं का?" विचारलं तेव्हा मी म्हणालो, "नाही, छान आहे." त्यानंतर मला दवाखान्यात नेण्यात आलं.

डॉक्टरांनी सांगितलं, माकडहाडाला मार बसलाय. मोडलेलं नाही, पण दुखावलंय. उभे राहा, चाला, आडवे व्हा, बसू नका. कधीपर्यंत, असं विचारलं तर म्हणाले, गणपतीची चवथ होऊन जाऊ दे, मग बघू. श्रावण नुकताच लागला होता. साहेबांनी रजा तत्परतेने दिली, कारण एक कारकून उभ्याने टाइप करू लागला तर बाकीचे बसलेले आहेत हे फार उठून दिसलं असतं. मी वास्कोहून पेडण्याला उभ्याने गेलो. कुठ्ठाळीच्या फेरीबोटीत उभं राहणं स्वाभाविक होतं, पण पुढे अर्ध्या रिकाम्या बसमध्ये दांडीला धरून उभा राहिलो तेव्हा लोक अस्वस्थ व्हायला लागले. एका म्हाताऱ्याने सरकून जागा केली. मग त्याच्या मागच्याने. म्हापसा येईपर्यंत सगळी बस खिडक्यांना चिकटून, अंग चोरून बसली होती आणि मधे मी एकटा उभा होतो. त्या प्रवासात माझ्या लक्षात आलं की आपली भाषा ही बसून केलेली भाषा आहे. धक्का बसतो, धाक बसतो, विश्वास बसतो, घसा बसतो, घडी बसते. मारसुद्धा, डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे, बसलेलाच होता. जगातल्या प्रत्येक गोष्टीला कुठे ना कुठे बसायला मिळत होतं. ऑफिसात दुपारी अधूनमधून व्हायची ती बारीकशी भीती सुरू झाली: की आपण कुठे ठेवलेले नाही आहोत, नुसते टेकवलेले आहोत.

बाबांना हे सांगण्यात अर्थ नव्हता. कृष्णनाथ कंट्रोलर म्हणजे माझे वडील. पेडण्याच्या बसस्टँडवर त्यांची हयात गेली. त्यांनी शिटी मारली की गाडी सुटायची, मग ड्रायव्हर गाडीत असो वा नसो. एकदा त्यांनी डिचोलीची गाडी सावंतवाडीला सोडली असं म्हणतात. ते कबूल करत नाहीत. त्यांचं म्हणणं, गाडी बरोबर गेली, लोक चुकीच्या गाडीत बसले. त्यांना तुम्ही चुकलात असं कुणी कधी म्हटलं नव्हतं, आणि तुम्ही बरोबर आहात हेही म्हणायची सोय नव्हती, कारण मग ते विचारत, शंका होती काय? ते कुणाच्याही प्रश्नाला मान डोलावून उत्तर देत नसत. मान हा त्यांच्या मते शिटी वाजवताना ताठ ठेवायचा अवयव होता.

घरी पोचलो तेव्हा आई म्हणाली, "बस." मी कारण सांगितलं. ती म्हणाली, "बरां, मग बसान जेव." मी स्वयंपाकघरात जनेलाला, म्हणजे खिडकीला, ताट टेकवून उभ्याने जेवलो. बाहेर शेताच्या मेरांवर, बांधांवर, तेरडा फुलला होता आणि उन्हातच पाऊस पडत होता, तसा श्रावणात पडतो, कुणाला न विचारता. ताटात अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीची आमटी होती. मी एक घास घेतला आणि परत तीच भीती वर आली, कारण घासाला चवच नव्हती. वाटलं, माकडहाडाचा जिभेशी काहीतरी संबंध असणार. आई माझ्याकडे बघत म्हणाली, "सोय ना."

आमच्याकडे सोय म्हणजे खवलेला नारळ. बाकीच्या मराठीत सोय म्हणजे सोय. आमच्या स्वयंपाकघरात या दोन्ही अर्थांत फारसा फरक नाही. सोय नसेल तर सोय नाही.

"आदोळी खंय?" मी विचारलं. आदोळी म्हणजे बसून नारळ खवायची, भाजी, मासळी चिरायची विळी: खाली लाकडी पाट, पुढे लोखंडी पातं.

"लोखांड लोहाराकडे दिलां धार काढूक," आई म्हणाली. "आनी लाकूड हांगाच ठेवलेलां. ता खंय गेलां, देवाक ठावक."

ती आदोळी साधी नव्हती. आई आमोण्याची. लग्नात तिच्या वडिलांनी फणसाच्या लाकडाचा रुंद पाट स्वतःच्या हातांनी करून दिला होता, आणि करताना डावीकडचा पुढचा पाय त्यांच्या करवतीखाली जरा जास्त गेला. तेव्हापासून आई डावीकडे कलून बसते. आदोळीवरच नव्हे, कुठेही; देवळात कीर्तनाला बसली तरी ती कुणाच्या तरी कानात काही सांगणार आहे असं वाटतं. पुढे आमच्या गणपतीच्या पाटाला वाळवी लागली तेव्हा बाबांनी सुताराला नवा पाट आईच्या आदोळीच्या मापाने करायला सांगितला. एक माप सिद्ध झालेलं असताना दुसरं कशाला? सुताराने माप घेतलं ते आखूड पायासकट घेतलं. तेव्हापासून आमचा देवही जरासा कललेला असतो आणि घरात कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

आमच्या भागात गणपती बाजारातून आणत नाहीत. नागपंचमीला आपला पाट चित्रशाळेत नेऊन द्यायचा, त्याच्यावरच मूर्ती करतात, चवथीला पाटासकट डोक्यावरून घरी आणायची. विसर्जनात देव जातो, पाट परत येतो. त्या वर्षी पाट बाबांनीच पोत्यात घालून नेला होता.

चित्रशाळा म्हणजे प्रभावतीकाकीची नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेला माटव, म्हणजे मांडव. काकी वाड्यावर सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. तिचा नवरा मूर्ती करायचा. त्याला दिसेनासं झाल्यावर ती करायला लागली आणि आपण त्याच्यापेक्षा बऱ्या करतो हे त्यालाच रोज ऐकवायची. तिच्या सगळ्या गणपतींचा चेहरा एकच, तिच्या थोरल्या दिरासारखा. तो बेळगावला जंगलखात्यात होता. घरात उभा राहून कंटाळलो तेव्हा मी दुसरीकडे उभं राहायला म्हणून तिच्याकडे गेलो.

"ये, ये शिवदासा, बस."

"बसूक जायना, काकी."

"कित्याक? गळूं?"

"माकडहाड दुखता."

"माकडाचां हाड तुका खंय मेळलां रे?"

मी हसलो आणि हसताना खाली बघितलं. ओळीने पाट मांडलेले होते, त्यांवर मातीचे नुसते ढीग, अजून देव नसलेले. त्यातल्या एका पाटाचा डावा पुढचा पाय आखूड होता. यात नवल नव्हतं, आमचा पाटही तसाच. पण या पाटाला पुढच्या बाजूला एक खाच होती, लोखंडी पात्यासाठी असते तशी, आणि तिच्यात काकीने माती भरून वर बोट फिरवलं होतं. लाकूड मधोमध गुळगुळीत, तपकिरी झालेलं होतं, वर्षानुवर्षं कुणीतरी बसल्यासारखं. आई म्हणाली होती ते अगदी खरं होतं. लाकूड कुठे गेलं ते देवाला ठाऊक होतं.

"काकी, ही आदोळी."

"माका डोळे आसत."

"मग माती कित्याक घातलंस?"

"तुज्या बापाशीन दिली म्हणान! कृष्णनाथ कंट्रोलर चुकतलो? मी म्हटलां, नवस आसतलो. देवान सपनात येवन सांगलां आसतलां, माका रांदचेकुडीत बसय म्हणान." रांदचेकूड म्हणजे स्वयंपाकघर.

"विचारूचां ना?"

"मी? तूं विचार. तुजो बापूस."

माती चढली की पाट देवाचा झाला. तो मागे घेत नाहीत. शिवाय बाबांना सांगायचं तर आधी ते चुकले असं एक वाक्य तयार करायला हवं होतं, आणि तसं वाक्य आमच्या घरात कुणी केलेलं नव्हतं. त्याचं व्याकरणच मला ठाऊक नव्हतं. मी तिथेच उभा राहिलो. काकीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "नुसतो उभोच आसस तर माती तुडय मरे," ती म्हणाली. "उभ्यान करपाचां काम तां."

डिचोलीकडून आणलेली ती माती आधी थंड होती, इतकी की पाय घातल्यावर पाय आहेत हे कळलं. मग ती बोटांमधून वर येऊ लागली. काकी वरून कापूस टाकत होती आणि मी तुडवत होतो, एका लयीत, आणि टाचेखाली प्रत्येक वेळी एक बारीक श्वास सोडल्यासारखा आवाज होत होता. माझ्याखालून काहीतरी जात होतं आणि तरी ते मला धरून होतं. असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही. माटवाबाहेर ऊन यायचं, जायचं. पडवीच्या कडेने पाणी ठिबकायचं आणि थांबायचं. कुठल्या तरी शेतातून बेडूक मधेच चर्चेत भाग घ्यायचा. टाइपरायटरवर मी 'लोहखनिज' हा शब्द इतक्या वेळा काढला होता, की ते जमिनीतून निघतं हे विसरलो होतो. आता जमीन पायाला लागलेली होती, गुडघ्यापर्यंत, आणि खाज येत होती, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी ते लपवण्यासाठी कपाळाला आठ्या घातल्या. "दुखता?" काकीने विचारलं. "बरांच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो, मग रोजच. काकीने आधी तुडवायला दिलं, मग उंदीर करायला. माझा पहिला उंदीर बघून ती म्हणाली, डुक्कर बरो झालो. मग एक दिवस तिने मला आदोळीपुढे उभं केलं. "ह्यो तुमचो. तूंच कर. बिघडलो तर तुमच्याच घरात बिघडलेलो ऱ्हवतलो." मेजावर पाट चढवून मी उभ्याने काम करू लागलो. हाताला काही येत नव्हतं. पोट आधी माझ्या साहेबांसारखं झालं, ते काढलं. मग हळूहळू, कसं ते मला दिसत नसताना, बोटं स्वतःहून कुठे दाबायचं ते ठरवायला लागली. बसस्टँडवरची गर्दी, बंदराचा भोंगा, वास्कोतल्या खोलीतली दुपार हे सगळं मनातून जात राहायचं, पण ते आता पागोळीसारखं, आपल्या वेळेने, अंगावर न येता. हात बसला म्हणतात तो हाच. माझ्या शरीरातला बसलेला असा तो एकच भाग होता.

भानगड एकच होती. गणपती नीट बसेना. काकीचे सगळे देव मांडी घालून, ताठ, जंगलखात्यात बसल्यासारखे. माझा डावीकडे कलत होता आणि त्याचा डावा गुडघा उभा होत होता. मी गुडघा दाबून खाली करायचो, पाठ सरळ करायचो, हात धुऊन यायचो, पुन्हा काम धरायचो. दिवस मावळेपर्यंत तो परत तसाच. "असो खंय गणपती बसता?" काकी ओरडली. "हो बायलेसारको बसलो मरे! तेच्या मुखार आता कितां, चिरूक वांगीं दवरूंया?" मी म्हणालो, पाट कललाय म्हणून. ती म्हणाली, पाट खाली कललाय, गुडघो वयर कित्याक येता? याचं उत्तर मला घरी मिळालं, आणि तेही बाबांच्या कृपेने.

झालं असं, की बिनसोयीचं जेवण बाबांनी काही दिवस सोसलं, आणि एका दुपारी ताट बाजूला केलं. "आदोळी हरवली म्हणजे काय? वस्तू हरवत नसतात, माणसं बघत नसतात," असं म्हणून ते माळ्यावर चढले आणि हातात पाट घेऊन उतरले. "हा काय! माप तेच, पायही तोच." तोच होता. तो देवाचा पाट होता. त्यावर खाच नव्हती, पण बाबांना ती नसण्याचं कारण लगेच सापडलं: बुजली असणार. लोहाराकडून पातं आलेलं होतंच. त्यांनी सुताराला बोलावून देवाच्या पाटाला नवीन खाच पाडून घेतली आणि पातं ठोकून बसवलं. आधीची चूक एकटी पडली होती. तिला त्यांनी जोडी मिळवून दिली.

आई बघत उभी होती. सांध्यात अडकलेला कुंकवाचा जुना लाल कण तिने नखाने काढला, बघितला आणि परत तिथेच ठेवला. मग पाटाला हात लावून नमस्कार केला आणि त्यावर बसली, नारळ फोडला आणि खवायला लागली. एक पाय दुमडलेला, डावा गुडघा उभा, अंग डावीकडे, मान थोडी पुढे. दोन्ही हातांत वाटी फिरतेय आणि खाली पांढरं पांढरं पडतंय. मी जनेलाशी उभा होतो. माझ्या हातांनी इतके दिवस काय केलं होतं ते माझ्यापुढे बसलं होतं. मला हसू आलं, आणि घाबरायलाही झालं, आणि दोन्ही एकाच जागी आल्यामुळे उचकी लागली.

इकडे काकीचा आवाज आपलं काम करत होता. कृष्णनाथला दृष्टान्त झाला, ही गोष्ट वाड्यावर सगळ्यांना कळली, फक्त कृष्णनाथला सोडून. आधी यशोदावहिनी पोत्यात गुंडाळून आपली आदोळी घेऊन चित्रशाळेत आली. ही आमच्या शेजारची. तिला कुठल्याच बाबतीत मागे राहवत नाही. "आमचो पाट बदलूंक मेळात?" मग सुशीलाबाई आली, मग आणखी कोण कोण. काकीने कुणाला नाही म्हटलं नाही. ज्यांच्या पाटावर अजून माती चढली नव्हती त्यांची मूर्ती तिने आदोळीवर घेतली. श्रावण संपता संपता अर्ध्या वाड्यावर सोय नव्हती. संध्याकाळी बायका आमच्याकडे नारळाच्या वाट्या घेऊन यायच्या, कारण पातं लावलेली, बसण्याजोगी आदोळी आमच्याकडेच उरली होती; ओळीने बसायच्या, आणि आई देवाच्या पाटावर बसून सगळ्यांचे नारळ खवून द्यायची. बाबा पडवीतून बघत म्हणायचे, "बघा, वस्तू जपली की लोकांना उपयोग होतो."

भाताला पोटरी आली. शेतावरून वारा आला की दुधाचा वास यायचा. माझी मूर्ती पूर्ण झाली, सोंड, हात, लाडू आणि कललेलं अंग. पाऊस सुटत नव्हता म्हणून काकी खाली करवंट्यांचा धूर करून मूर्ती सुकवत होती. रंग चढला. गुडघा मी शेवटपर्यंत खाली केला नाही. त्या धुरात माझ्याच हातचं ते काहीतरी माझ्याकडे बघत बसलेलं असायचं, आणि बंदरावरची ती भीती मला शोधायची झाली तर आठवून शोधावी लागायची.

मग एका सकाळी आई खवता खवता थांबली. "शिवदासा, माजी आदोळी प्रभावतीकडे आसा न्हय?"

मी हो म्हणालो.

"म्हणजे देव येतलो तो माज्या मासळेच्या लाकडार बसान. आनी चवथ झाली की मी देवाच्या पाटार बसान बांगडे कापतलंय." तिने वाटी खाली ठेवली. "ह्यां माका जमूचां ना. तेंका मी घरात काय बोलूक शकनंय ना. पण देव दारात येतलो तेवा विचारतंय. देवासमोर तेंका खरां बोलूचां पडतलां. आनी तेंनी त्यो पाट चलना म्हटलां तर ती मूर्ती मी घरात घेवचंय ना."

घरात न घेतलेली मूर्ती पाण्यात सोडतात, पूजेशिवाय. काकीने मला सांगितलं होतं. म्हणजे मी जन्मात एकच गोष्ट हाताने केली होती आणि ती उंबऱ्यावरून परत जाणार होती, कुणाच्याही घरात न बसता.

"आई, तो मी केलाय," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुवें?"

"हय."

"नाक-डोळे सारके आसत?"

"सोंड आसा," मी म्हणालो. याहून काही सांगायची माझी छाती झाली नाही. आईने वाटी उचलली. "मी विचारतलंयच," ती म्हणाली.

चवथीच्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं आणि मेरामेरांनी लोक डोक्यावर देव घेऊन चालले होते. लांबून माणसं दिसत नव्हती, भाताच्या वरून नुसते देव सरकत होते, लाल, पिवळे, आणि बरेच जण आदोळ्यांवर. आमचा देव बाबांच्या डोक्यावर होता, तोंडावर नवं वस्त्र टाकलेला. मागून घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याचं ते चर्मवाद्य, आणि झांजा. मी शेजारून चालत होतो आणि माझा डोळा मूर्तीच्या डाव्या पायावर होता, तिथली माती पुरती सुकली नव्हती, आणि काकी मागून ओरडत होती, "हळू चला हो, पांय ओलो आसा!" बाबांना ते स्वतःच्या पायाविषयी वाटलं. "कोरडा आहे," ते म्हणाले.

दारात आई तबक घेऊन उभी होती. तिने बाबांच्या पायांवर पाणी घातलं. देवाच्या तोंडावरचं वस्त्र काढलं. आणि थांबली. घुमटवाला थांबला. मी आईचा चेहरा बघत होतो. ती आधी सोंडेकडे बघत होती, मग गुडघ्याकडे, मग त्या कललेल्या अंगाकडे. आणि बघता बघता तीही, उभ्या उभ्या, डावीकडे कलली. मागे यशोदावहिनी हळूच म्हणाली, "गे बाय माजे, ही तर..." आणि तिने पदर तोंडात घातला. आईचे कान लाल झाले होते. मला वाटलं, झालं. पण तिने तबक तसंच धरलं होतं.

"अवो," ती म्हणाली, "तुमच्या माथ्यार आसा तो पाट कोणाचो?"

"देवाचा," बाबा म्हणाले. देव डोक्यावर असताना त्यांना खाली, वर, कुठेच बघता येत नव्हतं. ते समोर भिंतीशी बोलत होते.

"आनी मी बसतंय तो?"

बाबांनी पाट दोन्ही हातांनी घट्ट धरला. देवाच्या डाव्या पायाची करंगळी किंचित खाली आली होती. बाबांच्या कपाळावर घामाचा थेंब आला आणि भुवईत शिरला. त्यांना कळलं होतं. मला शपथेवर सांगता येईल, त्या क्षणी सगळ्या गाड्या कुठे कुठे गेल्या ते त्यांना कळलं होतं.

"तोही देवाचाच," ते म्हणाले.

"दोनूय?"

"दोन्ही."

"मग मी मासळी खंय बसान कापू? आनी माज्या मासळेच्या लाकडार बसलेलो ह्यो तुमका चलता?"

"घे गे चंद्रावती आत, पांय गळतलो!" काकी आईवर ओरडली.

"चलता?" आईने परत विचारलं. आता तिचा आवाज वेगळा होता, हसण्याच्या अलीकडचा, आणि ती बाबांकडे बघत नव्हती, वर, त्या आपल्यासारख्या बसलेल्याकडे बघत होती.

बाबांची मान इतका वेळ ताठ होती. ती आता एकदा, सावकाश, खाली गेली आणि वर आली. तिच्यावर पाट होता, पाटावर देव होता. देवही सावकाश खाली गेला आणि वर आला.

"कौल दिलो!" काकी किंचाळली. "देव हय म्हणालो! बघलात मगे सगळ्यांनी? हय म्हणालो!" यशोदावहिनीने दोन्ही हात जोडले, घुमट सुरू झालं, झांजा सुरू झाल्या, कुणीतरी गूळ वाटायला लागलं. आई ओवाळत होती आणि हसत होती आणि तबकातल्या अक्षता सगळीकडे उडत होत्या, बाबांच्या मिशांवरसुद्धा. वाड्यावरचे लोक अजून सांगतात की त्या वर्षी कंट्रोलरच्या दारात गणपतीने मान डोलावली. मी कधी हो-ना करत नाही. आईच्या प्रश्नाला बाबांनी होकारार्थी मान हलवली, असं आमच्या घरात त्याआधी कधी झालं नव्हतं. तेव्हा देव त्यांच्या डोक्यावर होता, म्हणून श्रेय त्याला मिळालं.